साडेचार फूट

एइनो कांगास त्या भुताच्या पिक्चरला पहिल्या खेळापासून नावं ठेवत होता. पुठ्ठ्याचा किल्ला, दोऱ्याला लटकवलेलं वटवाघूळ, आणि शवपेटीतून उठायलाच दहा मिनिटं लावणारं भूत. शहरातले पेपरवाले मात्र त्याला डोक्यावर घेऊन नाचत होते.

मिशिगनच्या तांब्याच्या खाणीत पाय चिरडल्यावर एइनो गावच्या थिएटरात मशीन चालवू लागला होता. बोलपट अजून नवे होते. चित्र फिल्मवर, आवाज वेगळ्या तबकडीवर. फिल्म तुटली तर तेवढ्याच लांबीची काळी फिल्म मध्ये जोडायची, नाहीतर चित्र पुढे पळतं आणि आवाज मागे राहतो. मागच्या महिन्यात असाच घोळ होऊन नायिका नायकाच्या आवाजात बोलली, थिएटर खो खो हसलं. मालक पॅस्कोने तेव्हाच बजावलं होतं, "पुन्हा लोक असे हसले तर मी दुसरा माणूस बघीन." लंगड्याला खाणीत परत कोण घेणार?

शनिवारी दुपारी पहिल्या रिळाच्या शेवटी, नेमकी किंकाळीच्या जरा आधी, फिल्म अडकली आणि साडेचार फूट जळाली. काळ्या फिल्मचा डबा रिकामा होता. मागवायची राहूनच गेली होती. एइनोने फिल्म तशीच जोडली आणि पुढच्या खेळाला जीव मुठीत धरून उभा राहिला.

नायिकेने तोंड उघडलं. आवाज नाही. ती पडद्यावरून गेली, नुसता जिना उरला. मग त्या रिकाम्या जिन्यावर किंकाळी आली.

कोणी हसलं नाही. खाणीतली तीनशे माणसं श्वास रोखून बसली होती. माणूस दिसत नाही आणि हाक येते, हे त्या गावाने दगडांच्या आडून ऐकलेलं होतं. इतक्या वेळा तो पिक्चर बघून कंटाळलेल्या एइनोच्याही अंगावर सर्रकन काटा आला. एवढी मोठी शांतता त्याने कधी ऐकली नव्हती.

पॅस्को धापा टाकत वर आला. "काय केलंस रे हे?"

"चुकलो साहेब. सोमवारी काळी फिल्म येतेय, नीट करतो."

"खाली लोक गार पडलेत. हात लावशील तर बघ!"

पण पिक्चर मंगळवारी शहरात परत पाठवायचा होता, तोही धडधाकट. सोमवारी दुपारी एइनो काळी फिल्म जोडायला कात्री घेऊन बसला, तेवढ्यात ट्रेव्हॅरोबाई जिना चढून आल्या. सात वर्षांपूर्वी खाण खचली, त्यात त्यांचा नवरा गेला होता.

"एइनो, ती किंकाळी तेवढी एकदा लाव रे. माझा अल्बर्ट दोन दिवस आतून हाका मारत होता. कंपनी म्हणाली, आवाज येत नाही, बाईला भास होतायत. आणि खोदणं थांबवलं."

एइनोने कात्री खाली ठेवली.

"भास नव्हता, बाई. मी खोदणाऱ्यांत होतो. मीही ऐकलं होतं. नोकरी जाईल म्हणून गप्प बसलो."

 बाई स्टूल ओढून त्याच्या शेजारी बसल्या.

"लाव," त्या म्हणाल्या. "आता दोघं ऐकू."