पायदानावरच्या दोन पट्ट्या

नांदुऱ्यात स्टेशनच्या रस्त्याला माझं शिंप्याचं दुकान होतं. एका बाजूला मोतीराम मिस्त्रीचं गॅरेज, दुसऱ्या बाजूला बशीरचं. बशीरकडे गिऱ्हाईक आलं की मोतीरामच्या पोटात दुखायचं, आणि ते दुखणं सांगायला त्याला माझ्याच दुकानाची पायरी सापडायची.

बशीर मूळचा मोतीरामचाच चेला. मोतीरामनं तरुणपणी नागपुरात साहेबलोकांच्या मोटारी दुरुस्त केल्या होत्या. दोनच माणसं बसतील अशा, उघड्या टपाच्या इंग्रजी गाड्यांचं त्याला भारी वेड. गाडी नुसती पाहून ती कोणत्या सालची, इंजिन किती सी.सी.चं, हे तो सांगायचा. ही विद्या त्यानं बशीरला शिकवली, काहीही हातचं राखून न ठेवता शिकवली. पुढे बशीरनं वेगळं दुकान थाटलं, आणि तीच विद्या मोतीरामच्या डोळ्यांत खुपायला लागली. मला विचाराल तर बशीरचा गुन्हा एवढाच की तो गिऱ्हाइकाशी हसून बोलायचा. मोतीराम खेकसायचा आणि मग गिऱ्हाईक फितवलं म्हणून बशीरच्या नावानं बोटं मोडायचा.

महाराष्ट्र राज्य होऊन वर्ष-दीड वर्ष झालं असेल. कापसाच्या जिनिंगवाले नारायणराव अकोल्याहून तसलीच एक जुनी एम.जी. गाडी घेऊन आले. गाडी देखणी, पण निळा धूर ओकायची. पिस्टन बदलणं भाग होतं. नारायणरावांनी तर गावभर सांगून ठेवलेलं की दसऱ्याला सीमोल्लंघनाला याच गाडीतून जाणार. ती ज्याच्या हातून दुरुस्त होईल त्याचं नाव होणार, हे उघड होतं. त्यांनी दोन्ही मिस्त्रींना बोलावलं. मीही तमाशा पाहायला मागोमाग गेलो.

मोतीराम पोचेपर्यंत बशीरनं गाडी पाहून सांगितलंही होतं: लढाईनंतरची, अठ्ठेचाळीसच्या आसपासची, इंजिन बाराशे पन्नास. नारायणराव मान डोलवत होते. ते डोलणं काही मोतीरामला सहन झालं नाही. गाडी लढाईच्या आधीची आहे आणि इंजिन बाराशे ब्याण्णव, असं त्यानं ठोकून दिलं.

ही दोन्ही मॉडेलं दिसायला सारखीच. लांबून ओळखायची एक खूण म्हणजे दाराखालचं पायदान. लढाईआधीच्या गाडीच्या पायदानावर तीन पट्ट्या असतात, नंतरच्या गाडीच्या दोन. समोरच्या गाडीला दोन होत्या. मोतीरामला त्या चांगल्या दिसत होत्या.

बशीरनं एकदा पायदानाकडे पाहिलं, एकदा मोतीरामकडे. "उस्ताद म्हणतात तं तसंच असंल," एवढंच तो बोलला. उस्तादाला चार लोकांत खोटं पाडायचं नाही, ही त्यांच्या धंद्यातली रीत. नारायणरावांना वाटलं, बशीरच चुकला. त्यांनी तिथूनच माणूस पाठवून बाराशे ब्याण्णवच्या पिस्टनसाठी मुंबईला तार केली. ती थांबवायची तर मोतीरामला आपले शब्द गिळावे लागले असते. त्यानं गाडी आपल्या गॅरेजात नेली.

दसरा तोंडावर आला तेव्हा पार्सल पोचलं. आकडा मोठा असला तरी बाराशे ब्याण्णवचे पिस्टन बारीक असतात, त्यांचा पल्ला तेवढा लांब. मोतीरामनं एक घालून पाहिला, तर तो सिलिंडरमध्ये खुळखुळू लागला. गॅरेजचं दार अर्धं लोटून तो आत डोक्याला हात लावून बसला. गाडी शेवटी बशीरच्या दारात जाणार, एवढं एकच त्याला दिसत होतं. आपली अब्रू जाईल त्याचं दुःखही त्याला इतकं नव्हतं.

मी गॅरेजच्या दारातच होतो. बशीर आला आणि त्यानं एक पुडकं मोतीरामपुढे ठेवलं. बाराशे पन्नासचे पिस्टन होते. नारायणरावांची तार गेली त्याच दिवशी मागवून ठेवले होते म्हणे.

मोतीरामचा चेहरा काळाठिक्कर पडला. "तुले मालूम होतं, तं बोलला काऊन नाही बे?"

"पट्ट्या मोजाले तुम्हीच शिकवलं, उस्ताद. तुमच्याच तोंडावर कशा मोजू?"

नारायणरावांना बशीरनं सांगितलं की पहिला माल जमला नाही, उस्तादांनी वेळेत दुसरा मागवून घेतला. पिस्टन मोतीरामनंच बसवले. दसऱ्याला गाडी धुराशिवाय निघाली आणि नारायणरावांनी भर गर्दीत मोतीरामच्या गळ्यात हार घातला. गर्दीतून बशीर पुढे आला, आपट्याची पानं उस्तादाच्या हातावर ठेवून वाकला. सत्काराच्या वेळी मोतीरामएवढं आंबट तोंड केलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

दिवे लागायच्या सुमाराला तो हारासकट माझ्या पायरीवर येऊन बसला. बशीरच्या दुकानात नेहमीसारखा हसण्याचा आवाज चालू होता.

"चार शिव्या तरी द्यायच्या होत्या त्यानं मले," मोतीराम म्हणाला. "आतावरी त्याच्या धंद्यावर जळत होतो. आता त्याच्या चांगुलपणावरही जळा लागंल."