मागचं दार उघडेना

बाबांना घाई जमत नसे आणि मला थांबणं जमत नसे. आम्हा दोघांच्या मधे आई कायमच अडकलेली असायची, पण त्या रविवारी ती खरोखरच अडकली. भर दुपारी, आमच्याच घरासमोर, गाडीच्या मागच्या भागात.

गाडी म्हणजे एक जुनी स्टेशन वॅगन. बाबा अंबडच्या एका कारखान्यात टूलरूमचे फोरमन होते. मालकांनी नवी गाडी घेतली तेव्हा त्यांची ही लांबडी बाबांनी स्वतःकडे घेतली. नव्वदचं दशक संपत आलं होतं, शेजाऱ्यांच्या दारात छोट्या चकचकीत गाड्या यायला लागल्या होत्या आणि आमच्या दारात ही, जिला गल्लीतली पोरं 'अँब्युलन्स' म्हणायची. मला तिची लाज वाटे. कॉलेजच्या एक चौक आधीच मी उतरून घेत असे. बाबांना मात्र तिच्या वर उघडणाऱ्या मागच्या दाराचं भारी कौतुक. यातून अख्खं कपाट जातं, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

आई सायखेड्याला माहेरी गेली असताना ओल्या फरशीवर घसरली आणि तिचं गुडघ्याखालचं हाड मोडलं. दवाखान्यातून सोडलं तेव्हा मांडीपासून बोटांपर्यंत प्लास्टर होतं. दवाखान्यानं खरी अँब्युलन्स देऊ केली, पण घरात गाडी असताना दुसऱ्याची कशाला, म्हणून बाबांनी आपलीच आणली आणि मागची सीट पाडून तिच्यावर गादी अंथरली. आईची एकच अट होती. पाय पुढे करून मढं नेतात, मी अजून जिवंत आहे, मला उतरवताना डोकं आधी बाहेर आलं पाहिजे. त्यामुळे वॉर्डबॉयनी तिला पायांकडून आत सरकवलं आणि तिचं डोकं मागच्या दाराशी आलं. दार एकदा लावून लागलं नाही, तेव्हा बाबांनी ते दोन्ही हातांनी आपटलं.

घरी पोचल्यावर त्यांनी दाराचं बटण दाबलं. बटण आत गेलं, दार जागचं हललं नाही. पुन्हा दाबलं, किल्ली फिरवून दाबलं, बुक्की मारून दाबलं. मग बाजूच्या दारातून काढायला गेलो, तर न वाकणारा पाय पुढच्या सीटला अडला आणि आई अशी कळवळली की मामानं घाबरून हातच सोडले. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, भाजीपाला पिकवणारा, दवाखान्यापासून आमच्याबरोबर आलेला.

"दाजी, पहार लावतो," तो म्हणाला. "एका हिसक्यात निघंल."

बाबांनी मान हलवली. आधी दोष शोधायचा, मग हत्यार उचलायचं, हा त्यांचा कारखान्यातला नियम. ते दारासमोर उकिडवे बसले, कान पत्र्याला लावला आणि डोळे मिटून पुन्हा पुन्हा बटण दाबू लागले. टक्. टक्. टक्. माझ्या डोक्यात तिडीक गेली. काच फोडा, असं मी दोनदा सांगितलं. काच तिच्या तोंडावर पडेल, असं त्यांनी डोळे न उघडता सांगितलं. ते बरोबर होतं, त्यामुळे मला जास्तच राग आला.

रविवार असल्यानं सगळी गल्ली घरात होती आणि पाच मिनिटांत सगळी गल्ली बाहेर आली. कुणी लिंबू सरबत आणलं, कुणी हातपंखा. काचेतून वाकून जो तो आईला कसं वाटतंय ते विचारत होता. गाडी तापली होती म्हणून मामा बादलीतून तांब्या तांब्या पाणी टपावर ओतत होता. मी खिडकीतून आईला सरबताचा पेला दिला. तिनं ओठ मिटून घेतले. पाणी देऊन पाहिलं, तेही नको. तिसऱ्यांदा आग्रह केला तर "नको म्हटलं ना" असं इतक्या धारेनं म्हणाली की मी पेला मागे घेतला. मला वाटलं, बाबांचा राग माझ्यावर निघतोय. मी गाडीभोवती फेऱ्या मारायला लागले.

अखेर बाबांनी डोळे उघडले आणि निकाल दिला. दाराच्या हुकाला धरून ठेवणारा खटका खालच्या पट्टीत आहे, त्याच्यावर आतून एक पत्रा आहे, पत्र्याला चार स्क्रू आहेत. कुणीतरी बारीक माणसानं आत शिरून ते काढायचे. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी स्क्रू ड्रायव्हर घेऊन बाजूच्या दारातून आत घुसले आणि आईच्या शेजारी पालथी पडले. आम्हा दोघींची डोकी दाराच्या काचेशी एकमेकांना लागून होती. पलीकडून बाबा सांगत होते, आधी डावीकडचा, अर्धाच फिरव, दाब देऊन फिरव. घाई केलीस तर खाच जाईल. मी दात खाऊन फिरवत होते.

"जरा लवकर कर गं," आई माझ्या कानात म्हणाली. "सकाळपासून सलाईन चालू होतं. मला कधीची लागली आहे."

मी थांबलेच. "मग सांगायचं नाही का?"

"कुणाला? एवढ्या माणसांत?"

बाबांना सांगते म्हटलं, तर तिनं माझं मनगट आवळलं. मग मी मान वर करून ओरडले की जरा लांब व्हा, हवा येऊ द्या. माणसं दोन पावलं मागं सरली आणि एक काकू हातपंखा घेऊन तीन पावलं पुढे आल्या. त्यांच्या मायेचा मला इतका संताप आला की काय सांगू.

तीन स्क्रू निघाले. चौथा गंजलेला होता. घामानं मूठ सटकत होती, बाबा काचेपलीकडून "सावकाश" म्हणत होते आणि आई श्वास रोखून टपाकडे बघत होती. चौथा निघाला तेव्हा पत्रा काढून मी आत पाहिलं. खटक्याच्या तोंडात पिवळा-तांबडा गोळा घट्ट बसलेला होता आणि त्यात तांदळाचे दाणे होते.

माझ्या लगेच लक्षात आलं. दसऱ्याला लोक गाडीच्या बॉनेटला हळदकुंकू लावतात. बाबांना ते पटत नसे. जो भाग काम करतो तो पुजायचा, असं म्हणून ते दरवर्षी मागचं दार उघडून ओलं हळदकुंकू आणि अक्षता नेमक्या त्या खटक्याच्या तोंडात भरत. इतक्या दसऱ्यांचा प्रसाद तिथे साठला होता आणि दवाखान्यातल्या आपटण्यानं तो ठासून बसला होता. मला हसू फुटलं. बाहेर गेल्यावर काय काय ऐकवायचं, त्याची मी मनात जुळवाजुळव करू लागले. आईनं केसातली पिन काढून दिली आणि मी तो गोळा कोरू लागले.

तेवढ्यात माझ्या कोपराखालची गादी कोमट, ओली झाली.

आईनं पदर तोंडावर ओढला. खटका मोकळा झाला होता. बोटानं ढकललं असतं तर दार उघडलं असतं.

"निघाला का?" बाबांनी विचारलं.

"अजून नाही," मी म्हटलं. तासभर मी घाई घाई करत होते आणि आता मला ते दार उघडायला नको होतं. चादर ओढून पाहिली, ती फिक्या रंगाची होती, डाग पसरतच गेला. बाहेर सगळी गल्ली उभी होती. मला रडू यायला लागलं.

"उघड आता," आई पदराआडून म्हणाली. "जन्मभर इथंच ठेवणार आहेस का मला?"

मी खटका ढकलला. दार वर गेलं, ऊन आत आलं आणि सगळे पुढे सरकले. बाबांनी अर्थातच आधी खटका पाहिला. बोटानं उरलेला गोळा काढला, दाणे पाहिले, आणि मोठ्यानं म्हणाले, "धूळ. रस्त्याची कामं चालू आहेत ना."

माझं टाळकंच सरकलं. मी बोलणार, एवढ्यात त्यांची नजर गादीवर गेली. मग आईच्या झाकलेल्या तोंडावर. मामाची बादली पायाशी होती, अर्धी भरलेली. आधी हिचं तोंड पुसू, असं काहीतरी पुटपुटत त्यांनी ती उचलली, गाडीच्या कडेवर टेकवली, आणि बादली गादीवर उपडी झाली.

"दाजी, ध्यान कुठं हाय तुमचं?" मामा ओरडला. "पलास्टर भिजलं ना तिचं."

शेजारणी चुकचुकल्या. कुणीतरी म्हणालं, पुरुषांच्या हातात काही देऊ नये.

"निसटली," बाबा म्हणाले. "माझी चूक झाली."

ज्यांच्या हाताला केसाइतका फरक समजायचा, त्यांच्या हातून बादली निसटत नसते, हे मला कळत होतं. चूक झाली असं त्यांच्या तोंडून मी त्याआधी कधीच ऐकलं नव्हतं. तांदळाला तर ते शेवटपर्यंत धूळच म्हणत राहिले. आम्ही आईला गादीसकट उचलून आत नेलं, डोकं आधी. ओली गादी बाबांनी गच्चीवर नेऊन स्वतः धुतली.

तिसऱ्या दिवशी डॉक्टर घरी आले. प्लास्टरची वरची कड मऊ पडली होती. ती कशी भिजली ते ऐकून त्यांनी बाबांना चांगलंच फैलावर घेतलं. एवढे फोरमन तुम्ही, एक बादली सांभाळता येत नाही? बाबा मान खाली घालून ऐकत राहिले. माझ्या जिभेवर सगळं आलं होतं, पण आई बाबांकडे बघत होती, आणि पहिल्यांदाच मी गप्प बसले.

"नका हो रागवू त्यांना," आई डॉक्टरांना म्हणाली. "मुद्दाम नाही केलं त्यांनी."