येऊरची यादी

संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात आम्ही चौघे भिंतींवर पत्रके चिकटवत असू. मी एका दैनिकात उपसंपादक होतो. थोरला भाऊ गिरणीत विणकर आणि बाकीचे दोघे त्याच्याच खात्यातले. परळच्या आमच्या खोलीत बसून आम्ही ठरवले, की जोडून सुट्टी आली की ठाण्याला उतरायचे, चालत येऊरच्या जंगलात जायचे आणि दोन रात्री तिथेच राहायचे. तंबू नाही, स्टोव्ह नाही, घरचा डबा नाही. तीन दगडांची चूल आणि झाडाखाली घोंगडी. बेत दोनदा बारगळला. एकदा संचारबंदी लागली, एकदा हरताळ होता.

तिसऱ्या खेपेला मी रीतसर यादी केली. आमच्याकडे मोठे पातेले एकच होते आणि त्यात पत्रकांची खळ शिजत असे. ते घासून घेणे, हे पहिले कलम.

वहिनी भाकऱ्या थापता थापता ऐकत होती. लग्न होऊन मालवणकडून आली त्याला तीन वर्षे झाली होती. मधल्या काळात ती मोर्चांना गेली होती, अश्रुधुराने तिचे डोळे सुजले होते. गावाला मात्र एकदाही जाणे झाले नव्हते. तिने हात पुसून यादी मागून घेतली.

"भावजी, हे काय? पाणी भरणे, पहाटे साडेचार, पाळीपाळीने?"

"मग? पाणी नको?"

"ओढ्याचं पाणीपण साडेपाचला जातं काय?"

चाळीतल्या नळाच्या वेळा आम्ही जंगलात नेल्या होत्या. मी ते कलम खोडले. यादी परत देताना ती म्हणाली, "मला पण यायचं आहे."

"बायकांचं काय काम तिथे?" भाऊ म्हणाला. विषय तिथेच संपला.

पुढच्या रविवारी सकाळी चाळीमागच्या मोकळ्या जागेत आम्ही रंगीत तालीम घेतली. वखारीतून आणलेली लाकडे ओलसर निघाली. काड्यापेटी निम्मी संपली तरी पातेल्यातले तांदूळ थंडच होते. वरच्या गॅलरीतून कोणीतरी ओरडले, "अरे, राज्य नंतर मिळवा, आधी भात शिजवा!"

वहिनी खाली आली. तिने दगड हलवून चुलीचे तोंड वाऱ्याकडे केले, ढलप्या काढून खाली सारल्या आणि एका काडीत चूल पेटवली.

"नेणार असाल तर शिकवते," ती म्हणाली. "नाहीतर डबा बांधून देते. गुपचूप खा."

दोघे मित्र भावाकडे बघत राहिले. भावाने खरी अडचण तेव्हा सांगितली. "दोन दिवस घरात पाणी कोण भरणार? बाबांना जेवण कोण देणार?"

बाबा गिरणीतून निवृत्त झाले होते. घरात स्वतःच्या हाताने पाणी घेऊन प्यायलेले मी त्यांना पाहिले नव्हते. ते पायरीवर बसून हे सगळे बघत होते.

"मोर्चाक चलता," ते म्हणाले, "मग डोंगराक कित्याक चलणा नाय?"

"पण बाबा, पाणी?"

"मी भरतंय. माका हात नाय काय?"

चुलीतले एक लाकूड भावाने उगाचच पुढे सरकवले. वहिनीने ते परत मागे ओढले आणि म्हणाली, "असं नाही. बघा इकडे." तो उकिडवा बसला आणि बघू लागला. मी खिशातून यादी काढून माणसांचा आकडा चाराचा पाच केला.

निघण्याच्या आदल्या पहाटे मला भांड्यांच्या आवाजाने जाग आली. बाबा कळशी घेऊन नळाच्या रांगेत उभे होते. उद्यापासूनचे काम त्यांनी एक दिवस आधीच सुरू केले होते.

"आजोबा, नंबर लावा, मध्ये घुसू नका!" एक बाई म्हणाली. सगळ्या हसल्या. बाबा निमूट मागे सरकले.

वहिनी गॅलरीच्या कठड्याशी उभी होती. मला वाटले, ती खाली जाऊन कळशी घेईल. बाबांचा नंबर लागेपर्यंत ती तशीच उभी राहिली. मग आत आली आणि पिशवी भरायला बसली.