बिनकामाचा परवाना

थंडोबा हे नाव आईबापांनी ठेवलेलं नव्हतं, कोल्ड स्टोरेजमधल्या सोबत्यांनी ठेवलं होतं. चौतीस वर्षं हा माणूस गोठलेल्या खोल्यांमागे कॉम्प्रेसर सांभाळत राहिला, म्हणून थंडोबा. डोकं मात्र कायम तापलेलं. यंत्राशी अदबीनं बोलायचा आणि माणसांवर खेकसायचा.

निवृत्त झाल्यावर नवरा-बायको परदेशात राहायला गेले, तेव्हा भावकीनं त्यांना वेड्यात काढलं. पण कारण साधं होतं. त्यांच्या गावात थंडी हाडात शिरायची आणि बायकोची बोटं सांध्यांत सुजून अशी आखडायची की ब्लाउजची बटणंसुद्धा थंडोबा लावून द्यायचा. डॉक्टर म्हणाले होते, उबदार ठिकाणी राहा. आपल्या देशातली उबदार ठिकाणं पेन्शनला झेपणारी नव्हती. समुद्रापलीकडच्या या गरम, दमट देशात त्याच पेन्शनीत दोन खोल्या, गच्ची आणि औषधपाणी आरामात भागत होतं. वर्षभरात बायकोची बोटं मोकळी झाली. एके सकाळी तिनं घट्ट बसलेलं बरणीचं झाकण स्वतः उघडलं आणि ते हातात धरून नवऱ्याला दाखवत बसली.

म्हणजे सगळं छान. फक्त थंडोबाचं काय करायचं, हे कोणी ठरवलं नव्हतं.

निवृत्तांच्या परवान्यावर एक अट होती: कोणतंही काम करायचं नाही, पगारी नाही आणि फुकटही नाही. परवाना दरवर्षी नवा करून घ्यायचा. थंडोबानं ती अट पहिल्यांदा वाचली तेव्हा तो हसला होता. चौतीस वर्षं राबलोय, आता कोण कशाला हात लावतंय? तिसऱ्या महिन्यात त्याचं हसू आटलं. सकाळी गच्चीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायचं, ऊन सरकेल तशी खुर्ची सरकवायची, जेवायचं, पुन्हा बसायचं. त्यात गल्लीतलं प्रत्येक यंत्र त्याच्या कानाशी गाऱ्हाणं सांगायचं. समोरच्या दुकानातल्या फ्रीजरच्या दाराचं रबर सुटलंय, कोपऱ्यावरच्या एसीत गॅस कमी आहे. हे सगळं त्याला खुर्चीत बसून कळायचं आणि हात शिवशिवायचे.

"अहो, आराम करा की जरा," बायको म्हणायची.

"आराम करूनच दमलोय," थंडोबा फिस्कारायचा.

शेवटी खालच्या मजल्यावरच्या घरमालकीणबाईंचा फ्रिज बंद पडला. मिस्त्री चार दिवस आला नाही आणि थंडोबानं स्क्रू-ड्रायव्हर उचलला. वीस मिनिटांचं काम. मग त्यांच्या बहिणीचा फ्रिज, मग दुकानाचा फ्रीजर, मग गल्लीच्या टोकाच्या दवाखान्यात लसी ठेवायचं कपाट. पैसे एकाचेही घेतले नाहीत. जायचा-यायचा गुपचूप, हत्यारं भाजीच्या पिशवीत. हे दोन महिने चाललं आणि तेवढ्यात तो बायकोवर एकदाही खेकसला नाही. त्यावरूनच तिला संशय आला, पण ती गप्प बसली.

एवढी लपवाछपवी करणाऱ्या या शहाण्यानं केलं काय? तर प्रत्येक यंत्राच्या पाठीला चिठ्ठी बांधली. तारीख, बिघाड, केलेलं काम आणि खाली लांबलचक सही. कोल्ड स्टोरेजचा नियमच तसा होता. जो यंत्र उघडेल त्यानं चिठ्ठी बांधायची. बिनचिठ्ठीचं यंत्र सुरू करायचं नाही. एकदा कोणीतरी तसंच सुरू केलं होतं आणि आत हात घातलेल्या सोबत्याची दोन बोटं गेली होती. तेव्हापासून थंडोबाचे हात चिठ्ठी बांधल्याशिवाय हत्यार खाली ठेवतच नसत. चोरी करून पत्ता ठेवून यावा, तसला हा प्रकार.

गल्लीतल्या मिस्त्रीला धंदा का बसला हे कळेना. मग दुकानातला फ्रीजर हलवताना त्याला चिठ्ठी सापडली. पाठोपाठ बाकीच्याही सापडल्या. त्यानं परवाना कचेरीत तक्रार दिली. त्याचंही पोट त्यावरच होतं, त्याला दोष कसा द्यायचा? थंडोबानं दिला, अर्थात. आठवडाभर दिला.

परवाना नवा करायच्या दिवशी टेबलावर अकरा चिठ्ठ्या ओळीनं मांडल्या होत्या. पलीकडच्या अधिकारीण बाई थकलेल्या दिसत होत्या. बाहेर बाकांवर पन्नास माणसं ताटकळत होती.

"हे काम तुम्ही केलंय?" त्यांनी विचारलं.

थंडोबानं तोंड उघडलं, तेवढ्यात बाईंनीच हात वर केला. "नीट ऐका. केलं असेल तर महिन्याभरात देश सोडावा लागेल. केलं नसेल तर तसं लिहून द्या. मी फाइल बंद करते."

बायको शेजारीच बसली होती. ती त्याच्याकडे बघत नव्हती, मांडीवर ठेवलेल्या स्वतःच्या हातांकडे बघत होती. गावातलं घर विकलं होतं. परत जायचं ते त्याच थंडीत, भाड्याच्या खोलीत. हे तिला बोलून दाखवावं लागलं नाही.

थंडोबानं कागद ओढला. 'ही कामे मी केलेली नाहीत. मला हे काम येत नाही.' लिहिताना त्याचे कान लाल झाले. आणि खाली सही केली. तीच, तशीच लांबलचक. दुसरी त्याला येतच नव्हती.

बाईंनी कागद चिठ्ठ्यांशेजारी ठेवला. बारा सह्या एका हातच्या, आंधळ्यालाही कळावं इतक्या. थंडोबा वाट बघत राहिला. आता ही पकडणार, निदान भुवई तरी उचलणार. त्याला मनातून ते हवंच होतं. बाईंनी सगळे कागद एकत्र टाचले, परवान्यावर शिक्का मारला आणि पुढच्या माणसाला हाक दिली.

"झालं एकदाचं," बायको जिना उतरताना म्हणाली. तिच्या आवाजात सुटका होती आणि थोडी लाजही.

पाच-सहा दिवसांनी दार वाजलं. गल्लीत नव्यानं राहायला आलेल्या शाळेतल्या बाई उभ्या होत्या.

"काका, तुम्हाला फ्रिजमधलं कळतं म्हणे. आमच्या फ्रिजमध्ये खाली सारखं पाणी साचतंय हो."

पाणी जायचं मागचं भोक तुंबलंय, हे थंडोबाला ऐकताच कळलं. कोमट पाणी आणि एक तार, दोन मिनिटांचं काम. खरं तर तो नुसतं सांगूनही मोकळा झाला असता.

"नाही हो," थंडोबा म्हणाला. "मला त्यातलं काही कळत नाही."

बाई माफी मागून गेल्या. आतून बायकोनं ऐकलं होतं. ती दारापर्यंत आली आणि तिथंच थांबली. थंडोबानं कडी लावली. हे वाक्य आपल्या तोंडून जराही न अडखळता बाहेर पडलं, याचाच त्याला सगळ्यात जास्त राग आला होता.