थोरल्याची चाकं धाकट्याच्या सायकलीला

गोंदियाकडून निघून मी आधी इचलकरंजीला गेलो होतो, यंत्रमागाच्या शेडमध्ये. सहा महिने काढले. त्या खडखडाटात मला माझाच आवाज ऐकू येईना, आणि माझा आवाज मुळातच लहान. मग कोल्हापुरात आलो. आठवीत शाळा सुटलेल्या माणसाला काम मागताना तोंड कोरडं पडतं, पण इथल्या एका सायकल दुकानाच्या मालकांनी शिक्षणाचं काही विचारलंच नाही. "पंक्चर काढतासा? मग ऱ्हावा की महिनाभर." वर माळ्यावर झोपायला जागा दिली. त्यांच्या घरचा डबा दुसऱ्याच दिवसापासून दोघांचा यायला लागला. मी रोज मनातल्या मनात त्यांच्या पाया पडायचो आणि रोज मला वाटायचं, आज हाकलतील.

महिना भरला त्याच दिवशी त्यांना गडहिंग्लजला लग्नाला जायचं होतं. दुकान पहिल्यांदाच माझ्या एकट्यावर. गाडीला किक मारता मारता म्हणाले, "पावणं, सांजच्याला येतो. मग तुमचं काय ते ठरवू. तवर गिऱ्हाईक माघारी धाडायचं न्हाय."

'काय ते ठरवू' ऐकून मी एकाच चेनला तीनदा तेल घातलं.

दहाच्या सुमारास दोन सख्खे भाऊ आले. दोघंही पन्नाशीपुढचे, दोघांनाही सारखीच मिशी, आणि दोघांना एकाच डॉक्टरांनी सायकल चालवायला सांगितलेली. थोरले शहरात राहायचे, पण त्यांनी घेतली होती जाड टायरची माउंटन सायकल. तेवढ्याच पैशात रबर जास्त मिळतं, हा हिशेब. धाकटे बिद्रीकडं शेतावर राहायचे आणि त्यांच्याकडं होती बोटाएवढ्या टायरची रेसर, कारण ती उभी असतानाच पळाल्यासारखी दिसायची. थोरल्यांना डांबरी रस्त्यावर आपली जड लागत होती. धाकट्यांची उसाच्या वाटेवर चिखलात रुतून बसत होती.

"चाकं बदलायची," थोरले म्हणाले. "ह्याची मला, माझी ह्याला."

मी दोन्ही सायकलींकडं बघितलं. दोघांची उंची सारखी, वजनही साधारण तेवढंच. मला पहिल्याच मिनिटाला सुचलं, की हे दोघं सायकलीच का बदलत नाहीत? पण बोलायचा धीर होईना. शेवटी हळूच म्हटलं, "दादा, एकमेकांच्या सायकली घेतल्या तर नाही का चालणार जी?"

दोघांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी जेवणात तांबडा-पांढरा रस्सा एकत्र ओतला होता.

"जमायचं न्हाय," धाकटे म्हणाले. "दादानं माझ्या सायकलीला काडीपैलवान म्हटलं. म्या जोतिबाची आण घेतली, तुझ्या म्हशीला जन्मात पाय लावायचो न्हाय."

"म्या बी घेतली," थोरले म्हणाले. "जेवणाच्या ताटावर."

"पण चाकं म्हंजी काय सायकल न्हवं," धाकटे म्हणाले, आणि दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं.

आधी नुसते टायर बदलून बघू असं ठरलं. रेसरचा बारका टायर मी जाडजूड रिमवर चढवला आणि हवा भरली. तो रिमवर धड बसलाच नाही, एका बाजूनं सटकला आणि ट्यूब अशी फुटली, की शेजारचा चहावाला किटली घेऊन बाकाखाली बसला.

"चांगला हाय की आवाज," थोरले म्हणाले. "आता अख्खं चाकच घाल."

मी टायर जिथले तिथं घालून नवी ट्यूब बसवली. रेसरचं चाक माउंटनच्या चिमट्यात, म्हणजे चाक धरणाऱ्या फोर्कमध्ये, गेलं खरं, पण मोठ्या भावाचा सदरा घातलेल्या पोरासारखं दिसायला लागलं. ब्रेक कशालाच लागेना. त्या सायकलीचे ब्रेक चकतीचे, आणि ह्या चाकाला चकतीच नाही.

"ब्रेक कशाला पायजे? पाय हाईत की," थोरले म्हणाले.

धाकट्यांकडं उलटी अडचण. जाड चाक रेसरच्या चिमट्यात शिरेचना. चहावाला बाकाखालून बाहेर येऊन म्हणाला, "चिमटा पण बदल मर्दा! त्यो तरी कुठं सायकल हाय?"

मला नाही म्हणता येईना. चिमटे काढले. चिमट्याबरोबर हँडल सुटलं. हँडलबरोबर ब्रेकच्या तारा आल्या, तारांमागं गेअर. दुपारपर्यंत फरशीवर दोन सायकलींचा असा ढीग झाला, की कुठला नट कुणाचा ते ओळखू येईना. मला डोळ्यांसमोर गोंदियाच्या गाडीचा डबा दिसायला लागला. धाकटे कमरेवर हात ठेवून म्हणाले, "आता बदलायचं ऱ्हायलं काय?"

"दोन सांगाडे आणि दोन सीटा जी," मी म्हणालो. मग घाबरूनच तोंडातून निघून गेलं, "दादा, शपथ दुसऱ्याच्या सायकलीची आहे ना? ती आपलीच झाली तर?"

दोघा भावांनी आधी ढिगाकडं आणि मग एकमेकांकडं बघितलं.

"म्हंजी अदलाबदल? कायमची?" थोरले म्हणाले.

"हो जी. मग दुसऱ्याची राहिलीच कुठं."

"आरं मग नवी गाडी झाली की!" चहावाला ओरडला. "नारळ फोडाय पायजे!"

आधी सगळं जिथलं तिथं बसवायला मला दोन तास लागले. प्रत्येक नट दोनदा तपासला. तोवर चहावाल्यानं हार आणले, धाकट्यांनी पेढे. हळदीकुंकू लागलं. थोरल्यांनी रेसरच्या हँडलला नमस्कार केला आणि धाकट्यांनी म्हशीला. नारळ फुटला तोच मालकांची गाडी दारात येऊन थांबली.

त्यांनी दोन हार घातलेल्या सायकली बघितल्या आणि त्यांचा चेहरा फुलला. "दोन इकल्या? एका दिसात?"

माझ्या हातातला पेढा तिथंच राहिला. "नाही जी. एकही नाही. त्यांच्याच आहेत." आणि मी पहिल्यापासून सगळं सांगितलं, फुटलेल्या ट्यूबसकट.

मालकांनी दोन्ही सायकलींची चाकं उचलून फिरवली, कान लावला, ब्रेक दाबले. मी माळ्याचा जिना बघत होतो, पिशवी भरायला किती वेळ लागेल म्हणून.

"नट सगळे बसलेत की नीट," ते म्हणाले. "पण हे दोघं आले तवाच सुचलंतं न्हवं तुमाला?"

"हो जी."

"मग दिसभर का खोललासा?"

"नाही म्हणायला भीती वाटली."

"ह्या माणसाला घालवू नगासा," थोरले मध्येच म्हणाले.

"घालवतंय कोण? पर गावात ऱ्हायाचं तर ह्याला न्हाय म्हणाय शिकवाय पायजे." मालकांनी मला दुकानाच्या पायरीवर उभं केलं. "म्हणा, न्हाय जमायचं!"

"नाही जमणार जी," मी म्हणालो.

"ह्ये काय? दवाखान्यात आलायसा?" चहावाला म्हणाला. दोघं भाऊ टाळ्या वाजवत ओरडायला लागले, "मोठ्यानं! पोटातनं!"

मी डोळे मिटले, छाती भरून घेतली आणि आयुष्यात कधी ओरडलो नव्हतो एवढ्यानं ओरडलो, "न्हाय जमायचं!"

डोळे उघडले तर पायरीसमोर एक गृहस्थ पंक्चर सायकल धरून उभे होते. "बरं बरं," असं म्हणून त्यांनी सायकल वळवली आणि चालायला लागले. कायमचा कारागीर म्हणून माझं पहिलं काम हे, की पार कोपऱ्यापर्यंत पळत जाऊन त्यांना परत आणलं.