केसभर मिस्त्रींची काळी रेघ

त्या गल्लीत सुतार तिघे होते, पण नाव व्हायचं ते केसभर मिस्त्रींचं. "केसभरही फरक पडणार नाही," हे वाक्य त्यांनी प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवलेलं, म्हणून हे नाव. त्यांची पेन्सिल कडक शिशाची. पटाशीने तासून तिला असं टोक काढायचे, की चुकून खिशात ठेवली तर खिशाची खैर नसे. त्या टोकाने ओढलेली रेघ दुसऱ्या कुणाला सहसा दिसायची नाही आणि याचाच त्यांना कोण अभिमान. समोरच्या सुताराची जाड रेघ पाहून ते भर रस्त्यात विचारायचे, "कापायचं कुठे, गटाराच्या अलीकडे की पलीकडे?"

मग साठी उलटली आणि आपली रेघ त्यांना स्वतःलाच दिसेनाशी झाली. डॉक्टरांनी चष्मा बदलला, थेंब लिहून दिले आणि यापुढे नंबर वाढवून उपयोग नाही, असं स्पष्टच सांगितलं. मिस्त्रींनी ही गोष्ट कुणाला सांगितली नाही. त्यांची बायको त्यांच्याच कारखान्यात, शेजारच्या टेबलावर पॉलिशचं काम करायची; तिला तर नाहीच नाही. एका कपाटाचा खण बोटभर आखूड झाला, तेव्हा त्यांनी लाकडाला शिव्या घातल्या. आतून मात्र धाबं दणाणलं होतं. करवत खाली ठेवायची वेळ आली, तर उद्या सकाळी उठून करायचं काय, हे त्यांना खरोखरच माहीत नव्हतं.

पण नशीब बघा, आठवडाभरात रेघा पुन्हा दिसू लागल्या. त्याही चांगल्या ठसठशीत. थेंबांनी कमाल केली म्हणत मिस्त्री गल्लीभर त्यांची जाहिरात करत फिरले. समोरच्या सुतारालाही एक बाटली आणून दिली, त्याचे डोळे ठणठणीत असताना.

चार महिन्यांनी बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं, म्हणून बायको तीन दिवस तिच्याकडे गेली. पहिल्याच सकाळी मिस्त्रींनी फळी आखली, नेहमीप्रमाणे कोपऱ्यावर जाऊन चहा घेतला, परत येऊन करवत उचलली, तर फळी कोरी. थेंब घातले. पुन्हा घातले. थेंब गालावरून ओघळून दाढीत गेले, रेघ काही दिसेना.

डोळे पुसायला फडकं हवं, म्हणून ते बायकोच्या टेबलाकडे वळले. चिंध्यांच्या डब्यात एक बुटकी, जाडसर पेन्सिल निघाली, चित्रं काढणारे वापरतात तसली. त्यांनी सहज एका तुकड्यावर ओढून पाहिली. न दाबता, न अडखळता ती सरसर गेली आणि मागे उमटली काळीभोर रेघ. ही रेघ त्यांच्या चांगल्या ओळखीची होती. गेले चार महिने ते हिच्याच कडेने कापत आले होते.

आधी लाज वाटली, मग राग आला. राग फार टिकला नाही, कारण हात थांबायला तयार नव्हता. आणखी एक रेघ, मग आडवी, मग तिरकी. एक तुकडा भरला तसा दुसरा घेतला. चाळीस वर्षं आपण उगाच सुईने आखत बसलो, असं त्यांना वाटून गेलं. संध्याकाळी जाऊन त्यांनी तसल्या डझनभर पेन्सिली आणल्या. "नातवंडांना का?" दुकानदाराने विचारलं, तर सरळ हो म्हणाले.

बायको परत आली, तेव्हा त्यांनी पेन्सिल तिच्यापुढे धरली.

"कधी करायचीस हे?"

"तुम्ही चहाला जायचात तेव्हा."

"मला विचारायचं तरी."

"तुम्ही सांगायचं तरी."

मिस्त्रींनी मग धंद्याचं विचारलं. "एवढी जाड रेघ ओढून माप कसं चुकलं नाही?"

"फळी उजेडात तिरकी धरली की तुमची रेघ दिसते. तिला मी हात लावला नाही. जाडी सगळी टाकाऊ बाजूला दिली."

"आणि माझीच रेघ चुकली असली तर?"

"तीनदा चुकली होती. पुसून नव्याने आखली."

मिस्त्रींनी नवी फळी टेबलावर आडवी टाकली आणि भिंतीवरचा गुण्या काढला. काटकोन पाहायचं ते हत्यार त्यांनी उभ्या आयुष्यात कुणाला हाताळू दिलं नव्हतं. तो त्यांनी तिच्या हातात ठेवला.

"तू आख," ते म्हणाले. "मी कापतो."