टॉवेलवाले साहेब

ऑफिसात आले की साहेब आधी बॅगेतून पांढरा टॉवेल काढायचे, झटकायचे आणि खुर्चीच्या पाठीवर पसरायचे. शिपायाला हात लावू देत नसत. "खुर्ची सरकारची, टॉवेल माझा," म्हणायचे. टॉवेलवाल्या सरकारी खुर्च्या तुम्हीही पाहिल्या असतील. पण तो टॉवेल रोज घडी करून धुवायला घरी नेणारा साहेब मी एकच पाहिला. हैदराबादेत, मलकपेठेत आम्ही शेजारी. दोरीवर टॉवेल दिसला की साहेब घरी आहेत हे कळायचं.

आमचं खातं इवलंसं, जुन्या सार्वजनिक विहिरी आणि बावड्या सांभाळणारं. आबिड्सला ऑफिस, साहेब मुख्य आणि मी हेडक्लार्क. सरकारनं ते पाण्याच्या मोठ्या खात्यात विलीन करायचं ठरवलं, तेव्हा साहेब नुसते हसले. आपलं खातं कायद्यानं उभं राहिलंय, सरकारच्या एकट्याच्या हुकमानं ते बुडत नाही, असेंब्लीची मंजुरी लागते, हे त्यांनी इतक्यांदा समजावलं की शिपायाचंही पाठ झालं. "असेंब्ली म्हणजे काय मामूली बात आहे? तिथं चर्चा होते."

मध्येच वरून विचारणा आली. विलीन झाल्यावर ज्यांना शहरातच राहायचंय त्यांनी आत्ताच तसं लिहून द्यावं. आमच्या टायपिस्टबाई लिहायला बसल्यासुद्धा. त्यांची आई अंथरुणाला खिळलेली, कोठी भागातल्या दवाखान्यात तिची सारखी ने-आण. बाईंना हैदराबाद सोडून चालणारच नव्हतं. साहेबांनी त्यांना थांबवलं. लिहून देणं म्हणजे खातं बुडालं हे आपणच कबूल करणं, असं त्यांचं म्हणणं. "मी आहे ना," म्हणाले. बाई थांबल्या. माझी रिटायरमेंट तोंडावर आलेली, माझं काय जात होतं? मीही मान डोलावली.

चर्चेच्या दिवशी साहेब कोट घालून, मला घेऊन गॅलरीत बसले. ज्या आमदारांना ते निवेदन देऊन आले होते, ते खाली शेजाऱ्याशी गप्पा मारत होते. मंत्र्यांनी बिल मांडलं, अध्यक्षांनी विचारलं, खालून "होय" असा आवाज उठला आणि पुढचा विषय सुरू झाला. साहेब पुढे वाकून कान देऊन बसलेलेच.

"आपलं कधी येणार?" त्यांनी मला हळूच विचारलं.

"झालं, साहेब."

त्यांनी कोटाची बटणं काढली आणि परत लावली.

बाईंची बदली आदिलाबादकडे झाली. साहेब वरच्यांना भेटून आले, पण नव्या खात्यात त्यांना विचारतंय कोण? मग ते बाईंच्या टेबलापाशी जाऊन उभे राहिले आणि माझ्यामुळे झालं, एवढंच कसंबसं म्हणाले. बाई टेबल आवरत होत्या.

"आप बोले, मैं सुन ली, सर."

त्यात राग असता तर बरं झालं असतं. त्या दिवसापासून साहेबांनी खुर्चीवर टॉवेल टाकला नाही.

आईला बहिणीच्या गळ्यात टाकून बाई गेल्या. दर आठवड्याला यायच्या आणि रविवारी संध्याकाळी परतायच्या. एकदा मुलीला सोडायला मी बसस्टँडवर गेलो, तर एका बसबरोबर आमचे साहेब धावताहेत, पोट सावरत. बस थांबायच्या आत त्यांनी खिडकीतून टॉवेल फेकून सीट धरली, कंडक्टरला काहीतरी सांगितलं आणि उसाच्या रसाच्या गाड्यामागे जाऊन लपले. बाई आल्या, कंडक्टरनं दाखवलेल्या सीटवर बसल्या, बस निघून गेली. मला हसू आवरेना. तेवढ्यात साहेबांनी मला पाहिलं आणि त्यांचा चेहरा असा उतरला की मीच खाली बघायला लागलो.

"कोणत्या तोंडानं समोर जाऊ हो?" म्हणाले. "निदान एवढ्या लांब उभ्यानं जाऊ नये."

इकडे साहेबांच्या पत्नी, आमच्या वहिनी, माझ्या बायकोकडे कुरकुरायच्या, घरात टॉवेल म्हणून टिकत नाही, हे आपले कोठीहून नवे आणतातच आहेत. टॉवेल कुठं जातात ते मी बायकोलाही सांगितलं नाही. आमच्या एवढ्या ऑफिसातून बाईंना सोडायला दुसरं कुणी कधी गेलं नाही. साहेबांच्या शेजारी राहून मीसुद्धा नाही. सांगायला लाज वाटते.

साहेब गेल्या थंडीत वारले. दिवस झाल्यावर बाई त्यांच्या घरी आल्या, हातात भली मोठी कापडी पिशवी. वहिनींसमोर त्यांनी ती उघडली. आत टॉवेलच टॉवेल, धुतलेले, घड्या घातलेले. वहिनी माझ्याकडे बघायला लागल्या.

"हर हफ्ते धो के रखती थी," बाई म्हणाल्या. "वापस देने को खिडकी में से देखती बैठती थी. सर सामने आएच नै."